मुठीकडे नको, जबड्याकडे बघा: जनावरांच्या ऑपरेशनची अवजारं

नमस्कार मंडळी. टेबलावर दोन अवजारं ठेवली आहेत. दोघांनाही बोटं घालायच्या कड्या, दोघांनाही कटकट वाजणारं रॅचेट, म्हणजे पकड अडकवून ठेवणारे दाते, लांबीही सारखीच. व्हेटर्नरीच्या स्पॉटिंगच्या, म्हणजे वस्तू बघून ओळखायच्या परीक्षेत भल्याभल्यांची विकेट इथेच पडते.

[कॅमेरा जवळ]

आता जबडे बघा. याचा जबडा लांब, निमुळता आणि आत आडव्या खाचा. ही आर्टरी फोर्सेप्स, म्हणजे चिमटा. रक्तवाहिनी दाबून रक्त थांबवायला. दुसऱ्याचा जबडा आखूड, दणकट आणि आत बारीक चौकडीची जाळी. हा निडल होल्डर, टाक्यांची सुई धरायला. वाकडी सुई या जाळीत हलत नाही. तीच सुई आर्टरी फोर्सेप्सने धरली, की टाका घालताना गरकन फिरते. वर फोर्सेप्सचा जबडा वाकतो तो वेगळाच, मग पुढच्या ऑपरेशनला बारीक रक्तवाहिनी त्यातून निसटते.

निडल होल्डरच्या जबड्यामागे कात्रीची धार असेल तर तो ऑल्सन-हेगर, नसेल तर मेयो-हेगर. मदतनीस नसेल तेव्हा ऑल्सन-हेगर फार सोयीचा, पण नवखा हात गाठ मारता मारता धागाच कापून बसतो. शिकताना मेयो-हेगरच घ्या, असं माझं मत.

आर्टरी फोर्सेप्सचं खानदान मोठं आहे. सगळ्यात नाजूक ती मॉस्किटो. केलीच्या खाचा जबड्याच्या पुढच्या भागातच, क्राइलच्या पार मुळापर्यंत. कोकरच्या टोकाला एकमेकांत अडकणारे दात असतात. हे दात जखम करणारच, म्हणून जो भाग कापून टाकायचाय त्यालाच ती लावायची.

आणि ही कारमाल्ट. हिच्या खाचा उभ्या, फक्त टोकाशी आडव्या-उभ्या. कुत्रीची नसबंदी करताना अंडाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा जुडगा हिच्यात धरतात. टोकाच्या जाळीमुळे तो सटकत नाही आणि धाग्याची गाठ आवळताना फोर्सेप्स अलगद काढून घेता येते.

ॲलिस आणि बॅबकॉक हे शरीरातला भाग पकडून धरायचे चिमटे, झटकन सांगतो. ॲलिसच्या टोकाला दातांची रांग, ती कातडीखालच्या चिवट थराला. बॅबकॉकचं तोंड रुंद, गोलसर आणि बिनदाताचं, ते आतड्याला. यात उलटापालट नको. कात्र्यांमध्ये मेयो जाडजूड, मेट्झेनबॉम बारीक पात्यांची आणि लांब दांड्याची. मेट्झेनबॉमने धागा कापाल तर तिची धार गेलीच म्हणून समजा.

आता गोठ्यातली अवजारं. हा ट्रोकार आणि ही त्याची नळी, कॅन्युला. ट्रोकारचं टोक तीन धारांचं. गाय फुगून जिवावर बेतलं, की डॉक्टर डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खोलगट जागेत, सगळ्यात फुगलेल्या ठिकाणी, टोकाचा रोख गाईच्या पुढच्या उजव्या पायाच्या कोपराकडे ठेवून हा खुपसतात. मग ट्रोकार काढायचा, नळी आतच ठेवायची आणि तिच्या तोंडावर बोट धरून वायू हळूहळू सोडायचा. कोवळा लसूणघास खाऊन फेसाची पोटफुगी झाली असेल, तर नळीतून नुसता फेस येतो आणि पोट उतरत नाही. तिथे फेस मोडणारं औषध त्याच नळीतून आत सोडतात. पशुपालकांनो, हे बघून घरी प्रयोग करू नका. जागा चुकली तर पोटातली घाण आत पसरते.

आणि खोंडाचं खच्चीकरण करायचा हा अजस्र चिमटा म्हणजे बर्डिझो. इटलीतले पशुवैद्य नेपोलिओने बर्डिझो यांच्या नावाचा. त्याआधी आपल्याकडे खोंड बडवायचे, म्हणजे शिरा अक्षरशः ठेचायचे. बर्डिझोत कातडी फाटत नाही, रक्त येत नाही. आतली वृषणाची शीर तेवढी चेपते, रक्तपुरवठा तुटतो आणि वृषण हळूहळू सुकतं. जबड्याच्या कडेला हा छोटा उंचवटा दिसतोय? दाबताना शीर बाहेर निसटू नये म्हणून तो आहे. आधी भूल द्यायची, मग दोन्ही बाजूंच्या शिरा वेगवेगळ्या दाबायच्या आणि दोन्ही खुणा एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत. सलग रेघ पडली तर खालच्या कातडीचाच रक्तपुरवठा जातो आणि ती सडते.

विकत घेताना दुकानातच तपासा. कागदाची घडी घ्या, आत दोरा ठेवा आणि दाबा. [दाबून दाखवणे] हे बघा, दोरा तुटला, कागद शाबूत. कागद फाटला तर कातडीही फाटेल. दोरा तसाच राहिला तर शीर चेपणार नाही, आणि काही महिन्यांनी मालकाचा फोन येईल, ‘डॉक्टरसाहेब, खोंड गाईंच्या मागं लागलंय!’

काम झालं की बर्डिझो पुसून, जबडे किंचित उघडे ठेवून टांगा. दाबून ठेवलात तर पकड ढिली पडते. सडाची अवजारं आज मुद्दाम घेतली नाहीत, त्यांचा वेगळा व्हिडिओ करतोय. यातलं कुठलं अवजार अजून गोंधळात टाकतंय, ते खाली लिहा.