थप्प आणि टण्ण

ओतीव शिशाच्या, बंदुकीच्या या दोन गोळ्या. पहिली फरशीवर टाकली, नुसतं ‘थप्प’. दुसरी टाकली... ‘टण्ण’. पहिलीत निव्वळ शिसं आहे, नखानंही ओरखडा उठेल इतकं मऊ. दुसरीत थोडं अँटिमनी (एक ठिसूळ धातू) आणि कथील मिसळलंय, त्यानं ती कडक झालीय.

रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. गोळी त्यांत रुतून फिरते, म्हणून भोवऱ्यासारखी तोल सांभाळून जाते. मऊ शिसं खाचांतून सुटू नये म्हणून पूर्वी खाचा खोल पाडत. पण बंदुकीची काळी दारू जळल्यावर तिच्या निम्म्याहून जास्त वजनाची राख-काजळी होते; काही धुरासोबत उडते, काही नळीत चिकटते, आणि खोल खाच म्हणजे तिला आयती जागा. चार बार काढा, की नळी पुसत बसा.

विल्यम मेटफर्ड मुळात रेल्वेचा इंजिनिअर. बंदुका हे त्याचं वेड. एनफिल्ड रायफलसाठी पोकळ बुडाची गोळी त्यानं सुचवली. त्या गोळीबद्दलचे सरकारचे १००० पौंड मात्र प्रिचेट नावाच्या बंदूकवाल्याच्या पदरात पडले. १८५७ मध्ये मेटफर्ड ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीवर बिहारात मुंगेरला पोचला, तोवर त्याच एनफिल्डच्या काडतुसांवरून देश पेटलेला! मुंगेरच्या बंदोबस्तात राबून तब्येत पार ढासळली आणि वर्षभरात त्यानं इंग्लंड गाठलं.

१८६५ मध्ये त्याची रायफल आली: पाचच खाचा, त्याही उथळ, आणि गोळी कडक केलेली. दारूचा धक्का बुडाशी बसला की गोळी किंचित फुगते आणि उथळ खाचेतही घट्ट बसते. कडक असल्यानं सोलली जात नाही.

१८८८ च्या ली-मेटफर्ड या ब्रिटिश लष्करी रायफलमध्ये अशाच सात उथळ खाचा होत्या, गोळीवर मात्र आता धातूचं कवच चढलं होतं. मग कॉर्डाइट ही जवळजवळ बिनधुराची दारू आली. धूर गेला, पण तिच्या आचेनं त्या खाचा भराभर झिजल्या. १८९५ मध्ये ली-एनफिल्डनं पुन्हा खोल खाचा घेतल्या.

१९५३ पासून अमेरिकेत मार्लिन कंपनीनं ‘मायक्रो-ग्रूव्ह’ नळ्या काढल्या. खाचा पुष्कळ, पण जेमतेम खरवडल्यासारख्या. घरी गोळ्या ओतणारे कुरकुरू लागले: कवचाची गोळी नेमकी बसते, शिशाची भरकटते. अनुभवी मंडळींचा तोडगा असा, की गोळी इंचाच्या एक-दोन हजारांशानं जाड ओता. आणि ओतल्यावर फरशीवर टाकून बघा, टण्ण वाजते का.