तलम साडीच्या आत

नमस्कार, श्रोतेहो.

आज मी आतल्या कपड्यांबद्दल बोलणार आहे. परकर, शमीज, बॉडी म्हणजे ब्रा. हे शब्द आपण दुकानातसुद्धा आवाज खाली आणून उच्चारतो आणि "कुठलाही द्या, आतच तर घालायचाय" म्हणून मोकळ्या होतो. जाड सुती साडी असली, काठापदराची इरकल असली तर ते खपून जातं. पण कपाटातून आईची शिफॉन निघते, आजीची चंदेरी निघते, आणि मग तो 'कुठलाही' परकर साऱ्या मांडवाला दिसतो.

गेली वीसेक वर्षं मी जुन्या साड्या रफू करते, त्यांच्यावरचे ब्लाउज शिवते. माझ्याकडे येणाऱ्या बायका साडी हातात घेऊन उजेडासमोर धरतात आणि एकच वाक्य बोलतात, "साडी फार सुंदर आहे हो, पण आरपार दिसतं." आणि मग ती साडी परत घडी होऊन कपाटात जाते. मला याचं फार वाईट वाटतं. तीस-चाळीस वर्षं घडीवर पडून राहिलेलं रेशीम त्याच घडीवर चिरतं. नेसून विरली असती तर निदान कुणाच्या तरी अंगावर विरली असती.

माझ्या स्वतःच्या बाबतीतही हेच झालं होतं. आईची मोतिया रंगाची शिफॉन, बारीक जरीचा काठ. बहिणीच्या साखरपुड्याला मी ती नेसले. आत घरातला पांढरा परकर, नेहमीचा, दोन-चार धुण्यांनी आटलेला. आरशात काही वावगं दिसलं नाही. हॉलच्या पश्चिमेच्या दारात आम्ही पाहुण्यांच्या स्वागताला उभ्या राहिलो आणि दुपारचं ऊन पाठीमागून आलं. फोटो आले तेव्हा मला कळलं. पायाच्या नडगीवर परकराची कडा एखाद्या पट्टीने रेघ मारावी तशी उमटली होती, तिच्याखाली वीतभर पाय आणि वर पांढराशुभ्र परकर. पुढे कित्येक वर्षं मी त्या साडीला हात लावला नाही. दोष साडीचा नव्हता, पण शिक्षा तिने भोगली.

आता यात नेमकं काय होतं ते सांगते, कारण ते कळलं की निवड सोपी होते. विरळ कापडातून दोन प्रकारांनी दिसतं. उजेड समोरून असला तर तो धाग्यांच्या फटींतून आत जातो, आतल्या रंगावर आपटतो आणि परत येतो. तेव्हा दिसतो तो फरक. गव्हाळ किंवा सावळी त्वचा आणि तिच्याशेजारी पांढरं कापड, म्हणजे त्यांच्यामधली कडा ठळक होणारच. उजेड मागून असला तर रंगाला किंमत राहत नाही, दिसते ती आकृती. पायांचा आकार, परकर कुठे संपतो ती रेघ. म्हणजे समोरच्या उजेडाला उत्तर रंगाचं आणि मागच्या उजेडाला उत्तर कापडाच्या दाटपणाचं आणि लांबीचं. नेसून झाल्यावर खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं आणि घरातल्या कुणाला तरी समोरून बघायला सांगायचं. मग मोबाइलच्या फ्लॅशवर एक फोटो काढायचा. फ्लॅश कापडातून थेट आत शिरतो, आणि आत पांढरं असेल तर ते चमकून उठतं. ही दोन मिनिटांची तपासणी घरीच होते. आरशासमोर ती होत नाही, कारण आरशासमोरचा दिवा बहुधा आपल्या तोंडावर असतो.

आता रंग. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकीला वाटतं की पांढऱ्या तलम कपड्याच्या आत पांढरं घालावं. पांढऱ्याच्या आत सर्वांत जास्त दिसतं ते पांढरंच. तिथे आपल्या कातडीच्या रंगाचं घालायचं, म्हणजे फरकच उरत नाही आणि कडा हरवते. पण इथे एक गोष्ट मला अगदी मनापासून खटकते. दुकानात 'स्किन कलर' म्हणून जे मिळतं तो एकच फिकट, गुलाबीसर बिस्किटी रंग असतो. कुणाची स्किन ती? माझी नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठजणींची नाही. सावळ्या अंगावर तो रंग पांढऱ्याइतकाच उठून दिसतो. काउंटरवर "स्किन कलर द्या" म्हणू नका. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीसचे तागे असतात, तिथे बदामी, मातकट, दालचिनी, कॉफी, चॉकलेट अशा दहा छटा शेजारी शेजारी मिळतात. त्यातला तुकडा पोटाच्या किंवा छातीच्या कातडीला लावून बघा. हाताच्या पालथ्या भागाला लावू नका, तो उन्हाने रापलेला असतो. जी छटा दोन हातांवरून दिसेनाशी होते ती तुमची. त्याचं मीटर-दीड मीटर कापड घेऊन शमीज आणि ब्लाउजच्या आतलं शिवून घ्या. काळ्यासावळ्या मुलींनी आपल्याला पांढरा शिफॉन शोभत नाही असं ठरवून टाकलेलं मी पाहिलं आहे. त्यांना आयुष्यात कुणी त्यांच्या रंगाचं अस्तर दाखवलेलंच नसतं.

रंगीत साडीचं गणित निराळं. तिथे परकराचा रंग साडीत मिसळतो. फिक्या आकाशी जॉर्जेटच्या आत गडद निळा परकर घातलात तर साडी काळवंडते, पांढरा घातलात तर विटकी दिसते. त्याच रंगाचा, अगदी किंचित गडद परकर घेतला की जुना, उतरलेला रंग पुन्हा भरल्यासारखा वाटतो. आणि जुन्या पांढऱ्या साड्या खरं तर पांढऱ्या उरलेल्या नसतात, त्यांच्यावर साय धरल्यासारखा पिवळेपणा आलेला असतो. नव्या परकराचा निळसर, झगझगीत पांढरा त्यांच्याखाली आला की तो पिवळेपणा मळका दिसतो. खाली कातडीच्या रंगाचं किंवा हस्तिदंती घाला, तीच साडी लोण्यासारखी दिसते.

हा प्रश्न काही आजचा नाही. नऊवारीला परकर लागतच नव्हता. कासोटा, निऱ्या, ओचा, कापडावर कापड येत जातं आणि तलम लुगडंसुद्धा स्वतःच स्वतःचं अस्तर होतं. ग्वाल्हेर-इंदूरच्या मराठी घराण्यांतल्या बायका चंदेरी आणि महेश्वरी नेसत त्या अशा. चंदेरीच्या रेशमावरचा मूळचा डिंक काढून टाकत नाहीत, म्हणून ते कापड कुरकुरीत राहतं आणि काचेसारखं आरपारही. पाचवारी गोल साडी आली तेव्हा खोचायला काहीतरी लागलं आणि झाकायलाही लागलं, आणि मराठी घरात परकर बाईच्या अंगावर कायमचा आला. तोवर परकर म्हणजे पोलक्यावरचा, लहान मुलींचा.

बंगालमध्ये हा बदल घडवणाऱ्या बाईचा आपल्या मुंबईशी संबंध आहे. ज्ञानदानंदिनी देवी, सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी. सत्येंद्रनाथ हे आयसीएसमधले, म्हणजे इंग्रजांच्या वरिष्ठ सनदी सेवेतले, पहिले भारतीय, नोकरी मुंबई इलाख्यात. १८६० च्या दशकात त्या मुंबईला आल्या. त्या काळी बंगाली घरांतल्या बायका तलम साडी आत काही न घालता, घराच्या आतच राहून नेसत. त्या साडीत चारचौघांत जायचं कसं, हा खरोखरीचा अडसर होता. मुंबईत त्यांनी पारशी बायकांचं नेसणं पाहिलं, त्यातून आपली पद्धत बसवली, साडीखाली परकर, शमीज आणि जाकीट आणलं, आणि ते इतर बायकांनाही शिकवलं. घराबाहेर पडण्याची वाट त्यांच्यासाठी परकरातून गेली. शमीज हा शब्द फ्रेंच आहे. युरोपात शमीज म्हणजे अंगालगतचा लिननचा सदरा. तो वारंवार धुवायचा, म्हणजे वरच्या रेशमाला घामही लागत नाही आणि पाणीही. हे लक्षात ठेवा, याच्याकडे मी परत येणार आहे.

शिफॉनच्या साडीचं श्रेय दिलं जातं तेही बडोद्याच्या मराठी राजकन्येला. सयाजीराव गायकवाडांची मुलगी इंदिरादेवी, जन्म १८९२ चा, पुढे कूचबिहारची महाराणी. १९२२ मध्ये पती वारल्यावर त्या पांढरं नेसू लागल्या, आणि त्यांनी फ्रान्सहून शिफॉन मागवून साड्या करून घेतल्या असं सांगतात. विधवेचं पांढरं वस्त्र त्यांच्या अंगावर आलं आणि देशभरच्या बायकांना हवंहवंसं झालं.

बरं, कापड कुठलं घ्यायचं? शिफॉन, जॉर्जेट ही पीळ दिलेल्या बारीक धाग्याची, झुळझुळीत कापडं. त्यांच्याखाली चकचकीत सॅटिनचा परकर घालू नका. निऱ्या खोचल्या तरी घसरत राहतात, आणि साडी नायलॉनची असेल, साठ-सत्तरच्या दशकांत त्या घरोघरी होत्या, तर कोरड्या हवेत दोन्ही कृत्रिम कापडं घासून साडी पायांना चिकटून बसते. सुती पॉपलीन घ्या. सुती कापड साडी धरून ठेवतं आणि घामही पितं. सहा कळ्यांचा, म्हणजे सहा उभे पट्टे जोडलेला, परकर शिवा, पुढे सपाट आणि चुण्या असतील तर मागे, कारण तलम साडीखाली कमरेच्या चुण्यांची गाठोडी दिसतात. घेर पायाशी इतकाच ठेवा की ढांगेला अडणार नाही. शिवण्याआधी कापड रात्रभर भिजवून वाळवा. माझ्या आटलेल्या परकराची गोष्ट तुम्ही ऐकलीच. लांबी साडीच्या काठाच्या एक बोट वर, त्याहून आखूड नको. रंग जातो का तेही बघा. ओला पांढरा फडका परकरावर घासायचा, फडक्याला रंग लागला तर तो परकर जुन्या साडीच्या आसपाससुद्धा नको. हल्ली मासोळीसारखे घट्ट, ताणणारे परकर मिळतात. अंगासरशी बसतात हे खरं, पण शिफॉनच्या खाली त्यांची प्रत्येक शिवण आणि गुडघ्याजवळचा ताण दिसतो. त्यांच्यावर जाडसर क्रेप नेसा.

जुना ब्लाउज घालायचा असेल तर अधिक जपायला हवं. साठच्या दशकातला कटोरी ब्लाउज त्या काळच्या टोकदार बॉडीवर बेतलेला असतो. आजची गोल, फोमची ब्रा आत घातली की टक्सची, म्हणजे छातीवर फुगीरपणासाठी घातलेल्या चिमट्यांची, टोकं रिकामी राहून चुणतात, आणि बाजूला मात्र शिवण ताणते. जुनी शिवण ताणली की उसवत नाही, कापडच फाटतं. फोम नसलेली, मऊ सुती, शिवणीची ब्रा घाला. लेस नको, तिची नक्षी वरून उमटते आणि तिचे काटे शिफॉनचे धागे ओढतात. मागचे हूक बघा, एखादा वाकडा असेल तर आधी बदला. आणि कृपा करून जुन्या ब्लाउजला नवं अस्तर जोडू नका. मला रोज कुणीतरी सांगतं आणि मी रोज नाही म्हणते. नवं कापड आटतं, जुनं आटत नाही, आणि दोघांच्या ओढाताणीत जुनं हरतं. त्याऐवजी मलमलची बिनबाह्यांची शमीज वेगळी शिवा, ब्लाउजच्या गळ्याइतकाच तिचा गळा कापा. ती पुढे दहा ब्लाउजांखाली चालेल.

मघाशी म्हटलं होतं तिथे परत येते. या सगळ्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट दिसण्याची नाहीच. घाम रेशमाला खातो. काखेत आधी पिवळा डाग पडतो, मग कापड कडक होतं, मग बोट लावलं की भुगा होतो. तिथे रफू धरत नाही, मी अनेकदा करून पाहिलं आहे. अंग आणि जुनं कापड यांच्यामध्ये एक धुता येणारं सुती कापड हवं, काखेत घामाचे सुती पॅड हवेत, आणि अंगाला लावलेलं अत्तर किंवा डिओ पूर्ण वाळल्यावरच वरचा कपडा चढवायला हवा. पदराची पिन थेट शिफॉनला टोचू नका. आतून ब्लाउजच्या रंगाच्या कापडाचा छोटा चौकोन ठेवा आणि पिन त्याच्यासकट लावा.

नाडीबद्दल सांगितलंच पाहिजे. तलम साडी सुटेल या भीतीने बायका नाडी करकचून आवळतात. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. वर्षानुवर्षं कमरेच्या एकाच जागी आवळून कातडीला जखम झाली, ती बरी होईना आणि तिथे त्वचेचा कर्करोग निघाला. रोज साडी नेसणाऱ्या आपल्या आया, मावश्या यांना हे सांगा. बारीक नाडीऐवजी दोन बोटं रुंद पट्टा लावा, बांधण्याची जागा बदलत राहा, आणि कमरेवर काळा वळ किंवा न भरणारी जखम असेल तर डॉक्टरांना दाखवा. पट्टा रुंद असला की सैल बांधूनही साडी जागेवर राहते.

आईची ती मोतिया शिफॉन मी पुन्हा नेसले, भाचीच्या मुंजीला… भाचीचीच मुंज, हो. तिच्या आईने हट्टाने केली. आत माझ्या अंगाच्या रंगाचा, दालचिनी छटेचा पॉपलीनचा परकर होता आणि त्याच कापडाची शमीज. सकाळचं ऊन मांडवात तिरपं येत होतं. आई खुर्चीवर बसली होती, तिने मला जवळ बोलावलं, निऱ्यांचं कापड बोटांत धरून पाहिलं आणि विचारलं, "ही नवी घेतलीस?"

घरी आल्यावर साडी रात्रभर सुती चादरीवर सावलीत पसरून ठेवली, पाण्यात घातली नाही. परकर आणि शमीज तेवढी धुतली.