गिओनच्या दोघी बहिणी

क्योटो, 1936. गिओन म्हणजे इथला गेइशांचा, म्हणजे नाचगाण्याने गिऱ्हाइकांची करमणूक करणाऱ्या बायकांचा भाग, अरुंद गल्ल्या, लाकडी घरं, आणि त्यातल्याच एका घरात दोघी बहिणी राहतात, थोरली उमेकिची आणि धाकटी ओमोचा. दोघीही गेइशा. जपानी दिग्दर्शक केंजी मिझोगुचींचा 'सिस्टर्स ऑफ द गिओन' हा पिक्चर जेमतेम 69 मिनिटांचा आहे, पण आजही बघताना पोटात खड्डा पडतो.

पिक्चर सुरू होतो तोच लिलावाने. फुरुसावा नावाच्या व्यापाऱ्याचं दिवाळं निघालंय, कॅमेरा सरकत सरकत विकलं जाणारं सामान दाखवतो. बायकोशी भांडून हा गृहस्थ येतो कुठे, तर उमेकिचीकडे, कारण बरे दिवस होते तेव्हा तिचा खर्च तोच करायचा, आणि तीही त्याला ठेवून घेते, केलेले उपकार विसरायचे नाहीत असंच ती मानत आलीये.

ओमोचाला हे बिलकूल पटत नाही. पुरुष पैसे टाकून आपल्याला विकत घेतात, मग उपकार कसले? बहिणीला कार्यक्रमासाठी किमोनो हवा, पैसे नाहीत, तर ती किमोनोच्या दुकानातल्या किमुराशी गोड बोलून कापड मिळवते, मग त्याचा मालक कुदो जाब विचारायला येतो तर त्यालाच घोळात घेते, आणि फुरुसावाच्या हातावर पैसे टेकवून त्यालाही घरातनं घालवते. लबाडीच आहे ही, पण मला तिचा राग येत नाही, त्या घरात धंद्याचा हिशोब फक्त तिलाच कळलाय.

मिझोगुचींच्या स्वतःच्या बहिणीलाही घरच्या गरिबीपायी गेइशा व्हावं लागलं होतं. तरी ते कॅमेरा लांबच ठेवतात, क्लोजअप अगदी मोजके, म्हणून खोलीतलं प्रत्येक माणूस एकमेकाशी कसं वागतंय ते आपल्याला दिसत राहतं.

नोकरी गेलेला किमुरा सूड घेतो, धावत्या गाडीतून पडून ओमोचा हॉस्पिटलात पोचते. फुरुसावाला काम मिळतं, तो बायकोकडे निघून जातो. म्हणजे निष्ठेने वागलेलीही एकटी आणि हुशारीने वागलेलीही पडलेली. खाटेवरून ओमोचा ओरडते, गेइशा नावाची गोष्ट जगात असतेच कशाला!

ओमोचा झालेली इसुझु यामादा तेव्हा फक्त 19 वर्षांची होती. वीस वर्षांनी, 1956 मध्ये, मिकिओ नारुसेंच्या 'फ्लोइंग'मध्ये ती कर्जात बुडालेल्या गेइशाघराची मालकीण झाली. जमलं तर हे दोन्ही पिक्चर लागोपाठ बघा.