टाका घालण्याआधी

(दृश्य: डाव्या हाताचं मधलं बोट. मधल्या पेरावर, तळहाताच्या बाजूला, दीड सेंटिमीटरची आडवी चीर.)

काचेने कापलेलं बोट. कडा सरळ आहेत, रक्त थांबलंय, रुग्ण शांत आहे. तीन टाके घातले की झालं, असं वाटायला लावणारी ही जखम आहे आणि म्हणूनच ती फसवते. या चिरेच्या खाली काही मिलिमीटरवर बोट मिटवणारे दोन टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आहेत. बोटाच्या दोन्ही बाजूंनी एकेक डिजिटल नर्व्ह (बोटाला संवेदना देणारी नस) जाते. त्यातलं काही कापलं गेलं असेल, तर वरून त्वचा कितीही सुबक शिवली तरी बोट गेलंच.

भुलीची सिरिंज सध्या ट्रेमध्येच राहू द्या. लिग्नोकेन (भुलीचं औषध) आत गेलं की संवेदना तपासायची संधी गेली. पेपरक्लिपची दोन टोकं पाच मिलिमीटर अंतरावर आणायची आणि बोटाच्या अग्राच्या आधी एका, मग दुसऱ्या बाजूला, बोटाच्या लांबीच्या दिशेने अलगद टेकवायची. रुग्णाने डोळे मिटलेले हवेत. टोकं दोन आहेत हे कळायला हवं. शंका आली तर दुसऱ्या हाताचं तेच बोट तपासून ताडून बघायचं. "स्पर्श कळतो ना?" एवढंच विचारून भागत नाही. नर्व्ह कापलेला रुग्णही बरेचदा "हो" म्हणतो.

(दृश्य: तपासणाऱ्याचा हात रुग्णाचं मधलं पेर सरळ धरून ठेवतो.)

आता टेंडन. मधलं पेर सरळ धरून फक्त टोकाचं पेर वाकवायला सांगा. हा खोल टेंडन. मग बाकीची बोटं सरळ दाबून धरा आणि हे एकच बोट मधल्या सांध्यात वाकवायला सांगा. हा वरचा टेंडन. तर्जनीत मात्र या दुसऱ्या चाचणीवर विसंबू नये. तिचा खोल टेंडन बराचसा स्वतंत्र चालतो, त्यामुळे वरचा कापलेला असूनही बोट वाकतं.

नुसती हालचाल होतेय यावर समाधान मानू नका. अर्धवट कापलेला टेंडनही बोट हलवतो आणि पुढे कधीतरी जोर पडला की तुटतो. तुमच्या बोटाने विरोध करून बघा. जोर कमी पडला किंवा कळ आली, तर आत इजा आहे असं धरून चाला.

काच लागली असेल तर एक्स-रे दोन दिशांनी काढायचा. दोन मिलिमीटरहून मोठा काचेचा तुकडा बहुधा दिसतो. लाकडाची कूस सहसा दिसत नाही, तिच्यासाठी सोनोग्राफी.

एवढं झालं की भूल. अॅड्रेनलिन नसलेलं एक टक्का लिग्नोकेन, 27 नंबरची सुई. बोटाच्या मुळाशी, पाठच्या बाजूने, दोन्हीकडे प्रत्येकी एक ते दीड मिलिलिटर, सावकाश सोडत. दर वेळी सोडण्याआधी पिस्टन मागे ओढून सुई रक्तवाहिनीत नाही ना ते पाहायचं. मग पाच ते दहा मिनिटं थांबायचं. घाईघाईत सुरुवात केली तर रुग्ण कळवळतो आणि आपण "भूल लागत नाही" म्हणून आणखी औषध भरत बसतो. साध्या लिग्नोकेनची मर्यादा वजनाच्या किलोमागे साडेचार मिलिग्रॅम. एक टक्का म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम. बोटाच्या कामात ही मर्यादा गाठली जात नाही, पण मांडीवरच्या लांब जखमेत सहज गाठली जाते.

रक्त दिसण्याच्या आड येत असेल तर बोटाच्या मुळाशी टूर्निके (रक्त अडवणारा आवळ) बांधता येतं. ग्लोव्हचं बोट कापून, गुंडाळत मुळाशी नेण्याची पद्धत सर्रास वापरतात. ती चांगली आहे, पण त्यावर आर्टरी फोर्सेप (कुलुपासारखा अडकणारा चिमटा) लावल्याशिवाय कधीही नको. बारीक रबराची कडी ड्रेसिंगखाली विसरली जाते आणि बोट काळं पडतं.

(दृश्य: सिरिंजमधून सलाइनची धार जखमेत. खाली ट्रे.)

जखमेचं भवितव्य ठरतं ते या धारेवर. 30 ते 60 मिलिलिटरची सिरिंज, पुढे 18 किंवा 19 नंबरचं कॅन्युला (बारीक नळी) आणि जखमेच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे 50 ते 100 मिलिलिटर सलाइन. जखम माखलेली असेल तर त्याहून जास्त. सलाइन नसेल तर पिण्यायोग्य नळाचं पाणी चालतं. पोव्हिडोन आयोडीन आजूबाजूच्या त्वचेला लावा, जखमेत ओतू नका. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस दिसायला छान, पण तो निरोगी पेशीही मारतो.

धुतल्यावर कडा हुकने उचला आणि तळ नीट बघा. बघताना बोट पूर्ण मिटवत आणि उघडत न्या. मुठीत धरलेली काच फुटली असेल तर त्या वेळी बोट वाकलेलं होतं. आता सरळ बोटात टेंडनवरची चीर त्वचेच्या चिरेखाली नसते, ती बोटाच्या टोकाकडे सरकलेली असते. ती तिथे शोधली नाही, तर सापडत नाही.

टाक्यांचं काम त्यामानाने थोडं. 5-0 जाडीचा नायलॉनचा दोरा, सुटे टाके. सुई टोकापासून दोन-तृतीयांश अंतरावर नीडल होल्डरमध्ये धरायची आणि त्वचेत काटकोनात घालायची. दोन्ही कडांना बाइट (टाक्यात पकडलेला त्वचेचा भाग) सारख्याच रुंदीची आणि खोलीची, नाहीतर एक कड दुसरीवर चढते. कडा भिडल्या की थांबा. आज सैल वाटणारा टाका उद्या सूज आल्यावर बरोबर बसतो. आज घट्ट आवळलेला उद्या त्वचा कापतो. बोटात आतले टाके घालू नयेत.

सगळ्याच जखमा शिवायच्या नसतात. चावा, खोल टोचलेली जखम, माती-शेणाने माखलेली जखम उघडी ठेवून ओलसर गॉझने झाकायची आणि स्वच्छ राहिली तर चौथ्या-पाचव्या दिवशी शिवायची. रेबीजचा धोका असेल तर आधी साबण-पाण्याने 15 मिनिटं धुणं. चाव्याने रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं). धनुर्वाताची लस पूर्ण झालेली असली तरी स्वच्छ जखमेला शेवटच्या डोसाला 10 वर्षं उलटली असतील तर आणि घाणेरड्या जखमेला पाच वर्षं उलटली असतील तर बूस्टर द्यावा.

पहिले 48 तास ड्रेसिंग कोरडं, हात हृदयाच्या पातळीच्या वर. चेहऱ्यावरचे टाके पाचव्या दिवसापर्यंत निघायला हवेत. बोटावरचे 10 ते 14 दिवसांनी.

रुग्णाला घरी पाठवताना परत कधी यायचं ते नेमकं सांगा. बोट आपोआप अर्धवट वाकलेलं राहतंय, पूर्ण बोट सारखं सुजलंय, टेंडनच्या रेषेवर दाबलं की दुखतंय आणि दुसऱ्याने सरळ करायला गेलं की जोरात कळ येतेय, अशी चार लक्षणं असली तर टेंडनच्या आवरणात पू धरतोय. यातली शेवटची कळ बरेचदा आधी दिसते. तिच्यावर नुसत्या गोळ्या देऊन दुसऱ्या दिवशी बोलवायचं नाही. त्याच दिवशी हाताच्या सर्जनकडे.