दर्यापार गेलेल्याचे पान

अध्यक्ष महोदय, मंडळाचे पदाधिकारी आणि इथे जमलेल्या बंधू-भगिनींनो,

मी राजापूर तालुक्यातल्या, जैतापूरच्या खाडीकाठच्या एका गावातून आले आहे. आमच्या घरी पितृपक्षात म्हाळ घातला की सगळ्या पितरांची पाने वाढून झाल्यावर माझी आजी उंबऱ्याबाहेर आणखी एक पान मांडत असे. केळीच्या पानाचा लहानसा तुकडा, त्यावर भाताची मूद, एक वडा, चमचाभर खीर आणि काळ्या वाटाण्याची आमटी. हे कोणाचे म्हणून विचारले की ती म्हणे, "तां दर्यापार गेलेल्याचां. मोरसाक गेलो तो." नाव तिला ठाऊक नव्हते. दोन भावांतला धाकटा जैतापुरातून गलबताने मुंबईला कामासाठी गेला आणि तिथून पुढे कुठेतरी गेला, एवढेच तिच्या सासूने तिला सांगितले होते. आमच्याकडे दाणेदार पांढऱ्या साखरेला जुनी माणसे मोरस साखर म्हणत. ते मोरस म्हणजे मॉरिशस, साखर ज्या बेटावरून येई त्याच बेटावर आपला माणूस ऊस तोडायला गेला होता, हे आमच्या घरात कोणाच्या लक्षात आले नाही. पान मात्र दर वर्षी मांडले गेले.

या बेटावरचा इतिहास मी तुम्हाला सांगावा असे नाही. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अ‍ॅटलस' हे जहाज कोलकात्याहून मजुरांना घेऊन पोर्ट लुईला लागले, पुढल्या वर्षी इथली गुलामगिरी कायद्याने संपली, आणि मळ्यांना हात हवे होते म्हणून कोलकाता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून करारबद्ध माणसे येत राहिली. 1849 साली उभारलेल्या ज्या आवारातून ती बेटावर शिरली, तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. मुंबईहून निघालेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसे फार होती. मला आज बोलायचे आहे ते कोकणच्या बाजूविषयी, कारण तुमच्यापैकी अनेक जण हातात करारबद्ध मजुरांच्या इथल्या नोंदवहीची नक्कल घेऊन आमच्याकडे येतात आणि चार दिवस तालुक्याच्या गावी हेलपाटे घालून रिकाम्या हाताने परततात. यात बहुधा त्यांचा दोष नसतो. शोधाला सुरुवात चुकीच्या टोकाने झालेली असते.

ते चुकीचे टोक म्हणजे आडनाव. इथे उतरलेल्या माणसाचे जे स्वतःचे नाव होते तेच त्याच्या मुलानातवंडांचे आडनाव झाले. तिकडे गावात राहिलेल्या भावाच्या घराला आडनाव लागले ते पुष्कळदा शाळेत नाव घालण्याच्या वेळी, आणि ते गावावरून किंवा भावकीवरून लागले. एकाच बापाच्या दोन मुलांची घरे अशी दोन वेगळ्या आडनावांनी वाढली, आणि ती आडनावे एकमेकांशी जुळण्याचे काही कारणच नाही. ही गोष्ट मला आमच्या चुकीतून कळली. काही वर्षांपूर्वी इथल्या एका कुटुंबाचे आडनाव आमच्या पणजोबांच्या नावासारखे आहे एवढ्यावरून आम्ही त्यांना आपले मानले, दीड वर्ष पत्रे आणि फोटो पाठवले, आणि मग त्यांच्या नोंदीची नक्कल आली तेव्हा बापाचे नाव वेगळे, गाव वेगळे, जिल्हाही वेगळा निघाला. ते कुटुंब आजही आम्हाला जोडलेले आहे, पण ते आमचे भाऊबंद नाहीत.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ज्या नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत, त्यांत प्रत्येक माणसाचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, जहाज, जिल्हा आणि गाव लिहिलेले असते. नंतरच्या काळातल्या अनेकांची छायाचित्रेही आहेत. यांतले बापाचे नाव आणि गाव या दोन गोष्टी घट्ट धरा. लिहिणारा कारकून मराठी नव्हता, त्याने कानाला पडले तसे लिहिले, म्हणून ते अक्षर डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने उच्चारून कोकणातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवा. कागदावर ज्याचा काही बोध होत नाही, ते त्याच्या कानाला लगेच ओळखू येते.

जिल्ह्याचे नावही जपून वाचले पाहिजे. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात मालवण, देवगड आणि वेंगुर्ले होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो 1981 साली. सावंतवाडी हे त्या काळी संस्थान होते. कुलाबा जिल्हा शोधणाऱ्याने आज रायगड म्हणून विचारले पाहिजे. एकाच नावाची गावेही पुष्कळ आहेत. शिरगाव रत्नागिरीजवळ आहे, चिपळूण तालुक्यात आहे आणि देवगड तालुक्यातही आहे. गाव सापडले तरी वाडी कळल्याशिवाय घर सापडत नाही, कारण कोकणातले गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, आणि माणसाची खरी ओळख वाडीने होते.

कागदांविषयी एक गोष्ट मनापासून सांगते. जे गेले त्यांतले बहुतेक कुळे होते, खोत नव्हते. जमीन खोताच्या नावावर असे, आणि खोती कायद्याने रद्द झाली ती 1949 च्या कायद्यानंतर. त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचे नाव जमिनीच्या दप्तरात मिळेल ही आशा धरू नका. खोतांच्या घरी जुनी बोटखते, म्हणजे गावच्या वसुलीचे कागद, राहिली असतील तर त्यांत कुळांची नावे येतात, आणि ती बहुधा मोडीत असतात. मागे राहिलेल्या भावाच्या वंशासाठी तहसील कार्यालयातले कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूचा गाव नमुना 14, आणि प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर हे दोन कागद मला सर्वांत उपयोगी वाटतात. मोडी वाचणारा माणूस आधी ठरवून मगच निघावे.

आमचे घर मात्र कागदाने सापडले नाही. इथल्या वाक्वा गावचे एक निवृत्त बसचालक नोंदीची नक्कल घेऊन आमच्या तालुक्यात आले होते. तिच्यावरचे गावाचे नाव तीन प्रकारे वाचता येत होते आणि तिन्ही नावांची गावे खरोखरच होती. संध्याकाळी चहा घेताना कोणीतरी त्यांना विचारले की तुमच्याकडे झाकरी म्हणतात ते काय असते. आमच्याकडची ती जाखडी, म्हणजे कोकणातले नाचगाणे. त्यांनी मांडीवर ताल धरून त्यांच्या आजोबांनी शिकवलेला गण म्हटला. त्यात गणपतीनंतर देवीचे नाव आले, आणि ते ती ओळ "आदितवारची म्हाकाली" अशी म्हणत होते. देवीचा वार रविवार असावा, असे त्यांच्या घरात सगळे समजत आले होते. माझे चुलतभाऊ हातातला कप खाली ठेवून म्हणाले, "आदितवार नव्हे हो, आडिवरे. आडिवऱ्याची महाकाली." आडिवरे आमच्याच तालुक्यात आहे. तीनपैकी दोन गावे त्या एका शब्दाने गळाली. उरलेल्या गावच्या, म्हणजे आमच्याच, कोतवाल बुकात थोरल्या भावाच्या नातवाच्या जन्माची नोंद मिळाली, तीवरून वर जाता बापाचे नाव जुळले, आणि दोन भावांची जोडी पुरी झाली. म्हणून माझी विनंती आहे की घरात जी गाणी, जी आरती, जी शिवी, जो नैवेद्य उरला असेल तो शुद्ध करून घेऊ नका. चुकीचा उच्चार आहे तसाच लिहून ठेवा.

आता एक अवघड विषय. परदेशातून भाऊबंद आले की गावात पहिल्या दिवशी आनंद होतो आणि दुसऱ्या दिवशी कुजबुज सुरू होते. हे वाटा मागायला आले असतील का? आमच्याकडचे सातबारे सामाईक असतात, एकेका तुकड्यावर वीस-पंचवीस नावे असतात, त्यावरून सख्ख्या भावांचे बोलणे बंद झालेले असते. ही भीती हीन मनाची नाही, ती गरिबीतून आली आहे. त्या बसचालकांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच ओटीवर सगळ्यांसमोर सांगितले की मला जमीन नको, मला फक्त घराची जागा दाखवा. त्यानंतरच माझ्या चुलतकाकूंनी जोत्याचे दगड दाखवले, जे तोवर त्यांनी कोणाला दाखवले नव्हते. तुम्ही गेलात तर हे पहिल्याच बैठकीत बोला, आणि वंशावळीच्या कागदावर कोणाच्या सह्या मागू नका. आमच्याकडच्यांनाही मी हेच सांगत असते, की आलेल्या पाहुण्याकडे मुलाच्या नोकरीचा विषय पहिल्याच भेटीत काढू नये.

भेट झाल्यावर नाते टिकवणे हे शोधण्याहून कष्टाचे आहे. आम्ही दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसे नेमली, एक म्हातारे आणि एक तरुण. रविवारी तुमच्याकडे सहा वाजता, म्हणजे आमच्याकडे साडेसातला, दिवाबत्तीनंतर फोन होतो. तुमची मुले शाळेत शिकलेली मराठी बोलतात, आमच्या म्हाताऱ्यांना ती पुस्तकी वाटते, तुमच्यांना आमची बोली कळत नाही; तरी आवाजी निरोप पुन्हा पुन्हा ऐकता येतात, म्हणून त्यांनी फार काम भागले. पण मला खरे नाते जुळल्यासारखे वाटले ते गेल्या वर्षी चुलतभाऊ वारले तेव्हा. आम्ही त्याच रात्री वाक्वाला कळवले, आणि त्यांनी तिकडे दहा दिवस सुतक धरले, घरातले ठरलेले मंगलकार्य पुढे ढकलले. सोयर-सुतक कळवण्याची रीत पाळा. वाढदिवसाच्या शुभेच्छा कोणीही पाठवतो.

यंदाच्या शिमग्यात पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा गावकरांनी गाऱ्हाणे घातले: "बा देवा म्हाराजा, मुंबैक, पुण्याक आणि दर्यापार मोरसाक जी लेकरां आसत, तेंची राखण कर." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटले. मोरसचे नाव आमच्या गाऱ्हाण्यात मी प्रथमच ऐकले. आणि म्हाळाचे ते पान आता उंबऱ्याबाहेर नसते. त्याच्या धन्याचे नाव आम्हाला कळले आहे, तेव्हा ते आत, थोरल्या भावाच्या पानाशेजारी वाढले जाते.

2024 च्या मार्चमध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी इथे येऊन सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय, म्हणजे 'परदेशस्थ भारतीय नागरिक' कार्ड मिळण्याची सोय जाहीर केली. त्या अर्जासाठी अनेकांनी मोक्याहून नकला काढल्या आहेत, असे मला इथे आल्यावर समजले. अर्ज दिला की त्या नकला कपाटात जातील, तसे होऊ देऊ नका.

मी गुरुवारपर्यंत इथे आहे. ज्यांच्या नकलेवर रत्नागिरी किंवा कुलाबा लिहिले असेल त्यांनी तिची एक प्रत मंडळाच्या कचेरीत आणून द्यावी, मागे बापाचे नाव आणि घरात ऐकलेले देवाचे, वाडीचे, झाडाचे, ओढ्याचे असेल ते नाव स्वच्छ अक्षरात लिहावे, आणि आपला फोन नंबर घालावा. राजापूर आणि लांजा तालुक्यांतली गावे मी स्वतः फिरेन, बाकीच्या गावांसाठी माझे जुने शिक्षक सहकारी तयार आहेत, आणि गणपतीच्या आत प्रत्येकाला, सापडले असो वा नसो, उत्तर येईल.