पुस्तक नको, आधी घटना निवडा

नमस्कार मंडळी,

यंदा आपल्या बुक क्लबने इतिहास वाचायचं ठरवलंय आणि तेव्हापासून ग्रुपवर पुस्तकांची नावं नुसती धडाधड येतायत, म्हणून कमिटीने मला सांगितलं की निवड कशी करायची यावर तूच थोडं बोल. मी लगेच हो म्हटलं, कारण हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. माझं म्हणणं अगदी थोडक्यात असं: पुस्तक निवडायच्या आधी घटना निवडा आणि मग त्या एका घटनेवरची दोन वेगळ्या जातीची पुस्तकं जोडीने वाचा. एक गोष्ट सांगणारं आणि दुसरं पुरावा मांडणारं, किंवा एक त्या वेळी तिथे हजर असलेल्या माणसाचं आणि दुसरं नंतर कधीतरी कागदपत्रं चाळून लिहिलेलं.

का, ते सांगते. नुसती कादंबरी घेतली की बैठकीत काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, भाषा किती सुंदर, तो प्रसंग वाचताना डोळ्यात पाणीच आलं, असं सगळे म्हणतात आणि मग चर्चा संपून गप्पा भलतीकडेच जातात. नुसता इतिहासग्रंथ घेतला तर निम्मे लोक दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात अडकतात आणि बैठकीला येतच नाहीत. दोन्ही शेजारी ठेवली की मात्र पहिला प्रश्न कुणीतरी विचारतंच, अहो पण हे इथे असं लिहिलंय आणि तिथे तसं कसं? तिथून पुढे चर्चा चालवायला कुणाची गरज लागत नाही.

आता पानिपतच घ्या. हा विषय आपल्या मनात इतका खोल आहे की एखाद्याचा बेत फसला तरी आपण त्याचं पानिपत झालं म्हणतो. विश्वास पाटलांची 'पानिपत' ही कादंबरी १९८८ची, ती आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल, तिच्या जोडीला त्र्यं. शं. शेजवलकरांचा 'पानिपत : १७६१' घ्या. शेजवलकरांनी आधी १९४६ मध्ये इंग्रजीत लिहिलं आणि १९६१ मध्ये, म्हणजे लढाईला बरोबर २०० वर्षं झाली तेव्हा, मराठी ग्रंथ आला. या जोडीसाठी माझी एक सूचना आहे. पहिल्या बैठकीत वाचन ऑक्टोबर १७६०ला थांबवा. शेवट सगळ्यांना माहीत असला तरी त्यापुढे बोलायचं नाही असा नियमच करा.

त्या वेळची परिस्थिती बघा ना. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामावर मोठा विजय मिळालाय, ऑगस्टमध्ये दिल्ली ताब्यात आलीये, ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या उत्तरेचं कुंजपुरा घेतलं आणि तिथे धान्य, पैसा सगळं मिळालं. एकामागून एक जिंकत चाललेली फौज आहे ही. आणि मग त्याच महिन्याच्या शेवटी अफगाणांचा बादशहा अहमदशहा अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून अलीकडे येतो आणि दिल्लीकडची, पर्यायाने दक्षिणेकडची वाट बंद होते. बरोबर यात्रेकरू आहेत, बायका-मुलं आहेत, बाजारबुणगे आहेत. होळकर आणि सूरजमल जाट यांनी आधीच सांगून झालंय की हा सगळा लवाजमा मागे ठेवा आणि गनिमी काव्याने लढा, आणि मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ, म्हणजे आपले भाऊ, यांचा भरवसा आहे इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर. आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

हा प्रश्न विचारला की खोलीचा रंगच बदलतो. एरवी आपण सगळे १४ जानेवारी १७६१च्या, म्हणजे लढाईच्या दिवसाच्या अलीकडून, पराभवाचा निकाल हातात घेऊन बोलत असतो, भाऊंनी हे करायला नको होतं, ते करायला हवं होतं. भाऊंना ती तारीख माहीत नव्हती. कुंजपुऱ्यापर्यंतच वाचलेला माणूस एकदम नकाशा मागतो, धान्य किती दिवस पुरेल ते विचारतो, नदीला उतार कुठे होता ते शोधायला लागतो, आणि मला वाटतं इतिहास वाचणं म्हणजे हेच. दुसऱ्या बैठकीत पुढचं वाचा आणि हौस असेल तर 'भाऊसाहेबांची बखर' पण काढा. तिच्यात भाऊंचा हट्ट, मानापमान, रुसवेफुगवे फार ठळक आहेत, शेजवलकर त्याच्या मागचं राजकारण बघायला लावतात, आणि कादंबरीकार या दोन्हीतून स्वतःचा भाऊ उभा करतो. तीन जणांचे तीन भाऊ. मग भांडा खुशाल!

दुसरी जोडी १८५७ची. इथे आपल्याकडे मराठीत असं एक पुस्तक आहे की त्याच्या तोडीचं कुठल्या भाषेत सहज सापडणार नाही, गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे, घरावर कर्ज, कानावर आलं की बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा मिळेल, म्हणून काकांबरोबर १८५७ मध्ये उत्तरेला निघाले. महूच्या आसपास वाटेत भेटलेल्या शिपायांकडून कळलं की पुढे काय पेटणार आहे, तरी गेलेच पुढे, आणि मार्च-एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा हा माणूस झाशीच्या आत होता. गोळे पडताना, शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट चालू असताना जीव मुठीत धरून लपलेला. त्यात झाशीच्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण कशी झाली ते आलंय, एका शास्त्र शिकलेल्या ब्राह्मणाला त्याचं काय दुःख झालं असेल ते त्या ओळींत कळतं. आणि परत येताना एवढ्या सगळ्यातून गंगेची कावड सांभाळून घरी आणली. कुठल्याही सेनापतीच्या चरित्रात तुम्हाला ही नजर मिळणार नाही, कारण हा कुणाच्या बाजूने लढायला गेलेलाच नव्हता.

पण तिथेही प्रश्न विचारायचेच. हे लिहिलं कधी? घटनेनंतर पंचवीसेक वर्षांनी, आठवून, इतिहासाचे अभ्यासक चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. छापलं कधी? १९०७ला, लेखक गेल्यानंतर, कारण इंग्रज सरकारची भीती होती. मग यातलं डोळ्यांनी पाहिलेलं किती आणि ऐकीव किती? भटजी स्वतः पुष्कळदा सांगतात की हे मी अमक्याकडून ऐकलं, पण सगळीकडे नाही. याच्या जोडीला द. ब. पारसनीसांचं राणी लक्ष्मीबाईंचं चरित्र घ्या, ते १८९४चं, कागदपत्रांवर उभं केलेलं. एकाच राणीकडे एक जण झाशीच्या गल्लीतून बघतोय आणि दुसरा दफ्तरातून.

अजून एक गोष्ट मला मनापासून सांगायचीये. ग्रुपवर आलेली यादी मी नीट बघितली, तिच्यात लढाया आहेत, किल्ले आहेत, राजे आहेत आणि बायकांनी लिहिलेलं जवळजवळ काही नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने आलेलं, ते दुकानात आत्मचरित्रांच्या कप्प्यात असतं म्हणून इतिहास वाचणाऱ्यांच्या नजरेतून सुटतं. पण प्लेग, धर्मांतर, माणसामाणसांतला विटाळ, एका नवऱ्याने ख्रिस्ती धर्म घेतल्यावर बायकोच्या आयुष्याचं काय होतं, हे सगळं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचं चित्र आतून कोण दाखवणार? प्रकरणं छोटी आहेत, मोठ्याने वाचायला मजा येते, आणि बाई इतकं रोखठोक बोलते की कुठेही कंटाळा नाही. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१०चं, त्याच्याजवळ ठेवून वाचा. तिथे शिकायचं म्हणजे घरातल्याच बायकांचा विरोध सहन करायचा, ते पानोपानी आहे. आणि या दोघींच्या आधी, १८८२ मध्येच, ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं होतं, ते इतकं लहान आहे की एका बैठकीत पुरं होईल.

आपल्या इतिहासाच्या बाहेर जायचं असेल तर फाळणी घ्या. भीष्म साहनींची 'तमस' ही हिंदी कादंबरी आणि उर्वशी बुटालियांचं 'द अदर साइड ऑफ सायलेन्स', हे १९९८चं, फाळणीतून गेलेल्या माणसांशी प्रत्यक्ष बोलून लिहिलेलं, आणि त्याची सुरुवात लेखिकेच्या लाहोरलाच राहिलेल्या मामापासून होते. शाळेतली मुलं क्लबमध्ये येणार असतील तर अॅन फ्रँकची डायरी आहेच. तिच्याबद्दल मुलांना एक जरूर सांगा, १९४४ मध्ये रेडिओवर आवाहन झालं की युद्धकाळातल्या डायऱ्या जपून ठेवा, आणि ते ऐकून त्या मुलीने आपलीच डायरी छापण्याच्या दृष्टीने पुन्हा लिहायला घेतली. म्हणजे आपल्या हातातलं पुस्तक हे नुसतं मनातलं कागदावर उतरलेलं नाही, तिने वाचक समोर धरून केलेलं काम आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हे फार पटकन भिडतं.

एका प्रकाराला मात्र माझा विरोध आहे, सगळ्या मानवजातीचा इतिहास एकाच पुस्तकात सांगणारी जाडी पुस्तकं. घरी एकट्याने जरूर वाचा. क्लबमध्ये त्यावर बोलताना सगळे नुसत्या माना डोलावतात, कारण इतक्या उंचावरून बघितल्यावर कुणालाच काही तपासता येत नाही.

पुस्तक विकत घ्यायच्या आधी शेवटची पानं उघडून बघा. संदर्भ दिलेत का, नकाशा आहे का, सूची आहे का. कादंबरी असेल तर लेखकाने मनोगतात सांगितलंय का की खरं कुठवर आणि कल्पना कुठून. रणजित देसायांच्या 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची जी पत्ररूप प्रस्तावना आहे ती तर मी म्हणेन एका पूर्ण बैठकीसाठी स्वतंत्र वाचा. कादंबरी लिहू पाहणाऱ्या लेखकाला एक अभ्यासक प्रश्न विचारतोय, शिवाजी महाराजांचं मोठेपण नेमकं कशात बघायचं, कुठली गोष्ट पुराव्याला टिकते, कुठली नाही. ऐतिहासिक कादंबरी कशी वाचायची याचं त्याहून चांगलं शिक्षण मला माहीत नाही. त्याच्या शेजारी 'सभासद बखर' ठेवा, कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेली, महाराज जाऊन जेमतेम दीड दशक झालं होतं. छोटी आहे, भाषा जुनी असली तरी मोठ्याने वाचली की कळते, पण तारखा नाहीत आणि प्रसंगांचा क्रम मागेपुढे झालेला आहे, तेव्हा इतिहासाची सनावळी शेजारी घेऊन बसा.

आता थोडं नाजूक बोलते. आपल्या इतिहासावर बोलताना जात येते, धर्म येतो, आडनावं येतात, आणि कुणाला ना कुणाला लागतं. म्हणून असले विषय टाळूया, असं दोघा-तिघांनी मला खाजगीत सांगितलं. मला ते पटत नाही. त्याऐवजी एकच नियम करूया: पान दाखवा. जो कुणी काही ठामपणे सांगेल त्याने ते कुठल्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते उघडून वाचून दाखवायचं. फोनवर फिरत आलेला मेसेज चालणार नाही, मी कुठेतरी वाचलं होतं हेही चालणार नाही, पुढच्या वेळी शोधून आणा, आम्ही थांबतो. यात कुणाचा अपमान नाही, उलट जो पान घेऊन येतो त्याचं म्हणणं सगळे शांतपणे ऐकतात, मग ते कितीही न आवडणारं असो. महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' १८७३चं आहे, त्यातली भाषा आजही झोंबते. पण लेखक असं का लिहितोय हे त्याच्याच पानांतून समजून घ्यायला दीडशे वर्षांनंतर तरी आपल्याला जमायला हवं.

व्यवहाराचं पटकन सांगते. दोन पुस्तकं म्हणजे दुप्पट पानं असं अजिबात नाही, एक पूर्ण वाचायचं आणि दुसऱ्यातली निवडक प्रकरणं, ती कुठली हे त्या महिन्याच्या दोन जोडीदारांनी आधी ठरवून कळवायचं. सुरुवातीला एकेका पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायचं, म्हणजे ज्याचं वाचून झालं नाही तोही बोलू शकतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे बखरी, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून छापलेली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने', पारसनीस वगैरे जुनं पुष्कळ काही स्कॅन करून मोफत ठेवलेलं मिळतं, फक्त आपण राहतो तिथला नियम वेगळा असू शकतो तो बघून घ्या. ज्या मुलांना देवनागरी वाचायला जड जातं त्यांच्यासाठी 'स्मृतिचित्रे' आणि 'माझा प्रवास' दोन्हींची इंग्रजी भाषांतरं आहेत. त्यांना ती घेऊन बसू दे, मूळ मराठी आपण वाचून दाखवू.

पहिली जोडी मी गोडसे भटजी आणि पारसनीस सुचवते. मागवताना आवृत्ती नीट बघा, कारण १९०७ची आवृत्ती वैद्यांनी बदल करून छापलेली आहे आणि मूळ हस्तलिखितावरून केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी नंतर काढली, आणि दोन्ही आजही बाजारात वेगवेगळ्या रूपात फिरतायत. निम्म्यांनी एक घ्या, निम्म्यांनी दुसरी. झाशीचं प्रकरण दोन्हीतून समोरासमोर वाचूया, वैद्यांनी काय गाळलं, काय बदललं ते वहीत टिपून आणा. नावं माझ्याकडे आजच द्या म्हणजे कुणी कुठली आवृत्ती घ्यायची ते मी कळवते.