परत येण्याचा हप्ता

श्रोतेहो, नमस्कार.

बडोद्यात अलकापुरीतून किंवा रेसकोर्स रोडवरून जा, परदेशी शिक्षणाच्या पाट्या डोळ्यांत भरतात. 'काय शिकायला जातोयस?' असं मुलांना कुणी विचारत नाही. थेट विचारतात, 'फाइल टाकली का?'

मी बँकेत होते. शेवटची काही वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर गेली. तिथून जे दिसलं ते आज सांगायचं आहे, आणि तेही तीन-चार वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करून आता मास्टर्सला निघालेल्या मुलामुलींना. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलापेक्षा तुमचा हिशेब वेगळा असतो. तुम्ही चालू पगार सोडून जात असता. वर्षाला १२ लाख मिळत असतील तर दोन वर्षांचे २४ लाख खर्चाच्या बाजूला मांडावे लागतात. माझ्यासमोर आलेल्या एकाही कागदावर ते मांडलेले नव्हते.

एक मुलगा आठवतो. पुण्यात नोकरीला होता, कामात हुशार. ४० लाखांचं कर्ज हवं होतं. साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात. यांच्याकडे तारण म्हणजे दांडिया बाजारातलं वडिलोपार्जित घर, आणि घर सामाईक. दोन्ही काकांच्या सह्या घ्यायला वडील तीन वेळा त्यांच्या दारी गेले. मी मुलाला विचारलं, "तिथे असं काय शिकणार आहेस जे तुला आज येत नाही?" तो म्हणाला, "मॅडम, तीन वर्षं काम करता येतं तिथे." माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अमेरिकेत तांत्रिक विषयात मास्टर्स केलं की ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीवर, १ वर्ष आणि वर २ वर्षांची वाढ मिळते. पण पुढे एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, लागतो. त्याच्या जागा वर्षाला ६५ हजार, आणि तिथे मास्टर्स केलेल्यांना आणखी २० हजार. अर्ज त्याहून कितीतरी जास्त येतात, म्हणून सोडत निघते. सोडतीत नाव येणं हुशारीवर नसतं. त्याचं आलं नाही. तो परत आला, पुण्यात पुन्हा नोकरीला लागला, पगार आधीपेक्षा थोडा बरा.

आणि हप्ता? ४० लाख, १० टक्के व्याज, १० वर्षं, म्हणजे महिन्याला जवळजवळ ५३ हजार. शिकत असतानाचं व्याज भरलं नाही तर ते मुद्दलात चढतं आणि हप्ता ६० हजारांच्या पुढे जातो. डॉलरमधल्या पगारातून तो सहज भरला असता. पुण्याच्या पगारातून भरताना वडिलांची पेन्शनही त्यात गेली. ते हप्ता भरायला यायचे तेव्हा माझ्याशी नजर चुकवायचे. त्याचं मला आजही वाईट वाटतं. अपराध त्यांचा नव्हता.

आपल्याच शहरातली गोष्ट. १९१३ मध्ये महाराज सयाजीरावांनी बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची, ३ वर्षांसाठी, आणि परतल्यावर १० वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार. १९१७ मध्ये ते परतले तेव्हा याच बडोद्यानं त्यांना राहायला जागा दिली नाही. ते विसरायचं नाही. पण त्या करारात परत येणं लिहिलेलं होतं. आपल्या कर्जाच्या कागदांत ते कुठेच नसतं, म्हणून घरात कुणी ते धरतच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी काढलेल्या नव्या एच-वन-बी अर्जावर १ लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. म्हणजे एकदा परतलात की पुन्हा जाण्याची वाट आणखी महाग.

म्हणून माझं सांगणं आहे की हिशेब परतण्याच्या बाजूनं करा. उद्या इथे, इथल्या पगारावर आलात तर हप्ता झेपेल का? झेपत असेल तर निर्धास्त जा.

जावं असं मला मनापासून वाटलं ती एक मुलगी होती. मकरपुऱ्याच्या कारखान्यात कंट्रोल पॅनेलचं सॉफ्टवेअर लिहायची, तिला चिप डिझाइनमध्ये जायचं होतं. त्याला प्रयोगशाळा लागते, घरी बसून ते येत नाही. ती जर्मनीला गेली. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतं. मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्या मुलांना सत्राला १५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानंही २०२४ पासून शुल्क सुरू केलंय. राहण्याखाण्याचे वर्षाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवून दाखवावे लागतात. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. तिचं कर्ज त्या मुलाच्या निम्म्याहून कमी होतं.

ज्याला फक्त अभ्यास हवाय, त्यानं जॉर्जिया टेकचं संगणकशास्त्राचं ऑनलाइन मास्टर्स पाहावं. २०१४ पासून चालू आहे, सगळा खर्च १० हजार डॉलरच्या आत आणि नोकरी सोडावी लागत नाही. त्यावर व्हिसा मात्र मिळत नाही.

माझा भाचा गेल्या रविवारी सहा विद्यापीठांची यादी घेऊन आला. मी त्याला कागदावर एकच रकाना आखून दिला, 'परत आल्यावरचा पगार'. तो बराच वेळ पेन हातात धरून बसला. मग म्हणाला, "मावशी, यातली चार नावं मी दुसऱ्यांचं बघून घातली होती." ती चार खोडली. उरलेल्या दोन्हींत रोबोटिक्स आहे, आणि सोमवारपासून तो जर्मनच्या क्लासला जातोय.